वचन ३८, वचन ३९

प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा. माझ्या पवित्र शास्त्रात तिथे ३८व्या वचनाखाली लाल शाईची रेघ आहे. ताईंच्या शास्त्रात रेघ आहे ती ३९व्या वचनाखाली, पेन्सिलीची, जुनी, पुसट झालेली. मध्ये दुसरं एकही वचन नाही. येशूचा शिष्य पेत्र एका दमात ही दोन्ही वाक्यं बोलून गेला. पहिल्यात तो म्हणतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. दुसऱ्यात म्हणतो, हे अभिवचन तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना दिलेलं आहे. या दोन वाक्यांमधल्या फटीत आमची १८ वर्षांची सोबत जवळजवळ वर्षभर अडकून पडली होती.

ताई माझ्या सख्ख्या बहीण नव्हेत. मंडळीच्या शास्त्राभ्यासाला मी पहिल्यांदा जाऊन बसले, तेव्हा कुठला अध्याय चालला आहे हे मला सापडेना. ज्यांनी न बोलता स्वतःचं शास्त्र माझ्यापुढे सरकवलं, त्या ताई. "एका वचनावर उडी मारू नकोस गं, दोन अध्याय मागे जाऊन चालत ये," हे त्यांनीच मला शिकवलं. पुढे मी ते विसरले. वादाच्या त्या दिवसांत ताईही विसरल्या.

झालं ते असं. ताईंच्या मुलीला बाळ झालं आणि त्याचा बाप्तिस्मा ठरला. शास्त्राभ्यासाला त्या आनंदाने सांगत होत्या, आणि मी म्हटलं, "नव्या करारात एका तरी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा दाखवा ना, ताई." मला वाटलं होतं, मी प्रश्न विचारते आहे. ऐकणाऱ्यांना ते आव्हान वाटलं, आणि खरं तर ते होतंही तसंच. ताई म्हणाल्या, लुदियेच्या घराण्याचा झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घराण्याचा झाला, त्यात लेकरं नसतील? मी म्हटलं, तोच १६वा अध्याय पुढे वाचा, घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं गेलं आणि मग सगळं घर विश्वास ठेवून आनंदलं. त्या कलस्सैकरांच्या पत्रावर गेल्या, जिथे पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारीशेजारी ठेवतो. सुंता तर आठव्या दिवशी होत असे, तेव्हा त्या बाळाला कोण विचारत होतं? मी रोमकरांचा १०वा अध्याय काढला, तोंडाने कबूल करणं आणि अंतःकरणाने विश्वास ठेवणं. आणि मग मी ते वाक्य बोलले. "ज्याला स्वतःच्या तोंडाने कबुली देता येत नाही, त्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे."

खोलीत कुणी काही बोललं नाही. ताईंनी शास्त्र मिटलं. "मग तू मोठेपणी पुन्हा घेतलास, तो पहिल्याचा अपमानच झाला की. 'एकच बाप्तिस्मा' असं इफिसकरांत लिहिलंय, ते तुझ्या शास्त्रात नाही का?"

हे मला फार लागलं. मी अर्भक असताना माझा बाप्तिस्मा झाला होता, आणि तिशी ओलांडेपर्यंत मी त्या दाखल्यावर जगत होते. प्रार्थना पाठ होत्या, गाणी पाठ होती, आत काही नव्हतं. ज्या दिवशी मी पाण्यात उभी राहून स्वतःच्या आवाजात कबुली दिली, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत खरा दिवस होता. त्याला त्यांनी अपमान म्हटलं.

घरी येऊन मी एक वही घेतली आणि वचनं लिहून काढली. एकूण २७ संदर्भ. प्रत्येकापुढे एक वाक्य, प्रत्येक वाक्यात ताईंच्या एका मुद्द्याला उत्तर. वही मी त्यांच्याकडे पाठवली. उत्तरादाखल एक चिठ्ठी आली. त्यात मार्क १०:१४ इतकंच लिहिलं होतं, बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मी गेले नाही. घरच्यांना म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या महिन्यांत मी खूप वाचलं. आधी बाजू भक्कम करण्यासाठी वाचत होते, मग वाचनच अंगावर यायला लागलं. १५२७च्या जानेवारीत झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला लिम्मात नदीत बुडवून मारलं गेलं. मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देतो, एवढा त्याचा गुन्हा. मारणारे कोणी अविश्वासी नव्हते. ज्या शहराच्या मुख्य चर्चमध्ये हुल्ड्रिख झ्विंग्ली हा धर्मसुधारक रोज शास्त्र उलगडून सांगत असे, त्या शहराच्या नगरपरिषदेचा हा निवाडा होता. मान्झ झ्विंग्लीच्याच शास्त्राभ्यासातून घडलेला. दोघांनी एकत्र बसून मूळ भाषांमधून शास्त्र वाचलं होतं. आणि ज्या पाण्याबद्दल वाद होता, त्याच पाण्यात त्याला बुडवलं.

तीन वर्षांच्या आतच, १५२९च्या ऑक्टोबरात, हाच झ्विंग्ली मारबुर्गच्या किल्ल्यात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरसमोर बसला. हेस या जर्मन प्रांताच्या शासकाने, फिलिपने, दोघांना बोलावलं होतं. प्रश्न प्रभुभोजनाचा होता, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीचा. ल्यूथरने टेबलावर खडूने लॅटिन शब्द लिहिले, 'हे माझं शरीर आहे', आणि वर मखमली कापड झाकलं. वादात वेळ आली तेव्हा कापड उचलून त्याने शब्द दाखवले. झ्विंग्ली योहानाच्या ६व्या अध्यायावर बोट ठेवून होता, जिथे प्रभू म्हणतो की आत्मा जिवंत करणारा आहे, देहापासून काही लाभ नाही. शेवटी १५ कलमं लिहिली गेली. त्यातल्या १४वर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. १५व्यातही बरंचसं जुळलं, एक मुद्दा तेवढा राहिला. ख्रिस्ताचं शरीर भाकरीत देहरूपाने आहे की नाही. तेवढ्यावरून ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणून हात द्यायचं नाकारलं. दोन वर्षांनी झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

ते खडूचे शब्द माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. कारण माझी वही तीच होती. मी २७ वेळा टेबलावर खडूने लिहिलं होतं आणि दर वेळी कापड उचलून ताईंना दाखवलं होतं.

ख्रिस्ती माणसांमधला मतभेद शास्त्राने मिटवावा, हे आपण सगळे मान्य करतो. मीही मान्य करते, आजही, मनापासून. मंडळीत मतदान घेऊन, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकून, किंवा ज्याच्या देणगीवर छप्पर उभं राहिलं त्याला विचारून सत्य ठरत नाही. पण 'शास्त्राने मिटवावा' म्हणजे नेमकं काय करावं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. वचन दाखवलं की मिटला, असं धरून चालले होते.

मत्तयाच्या ४थ्या अध्यायात सैतानही वचन दाखवतो. मंदिराच्या उंच टोकावर नेऊन तो स्तोत्र ९१ म्हणतो, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. शब्द खरे, पुस्तक खरं. मी हा उतारा कितीतरी वेळा वाचला होता, पण प्रभूचं उत्तर कुठल्या शब्दाने सुरू होतं याकडे लक्ष गेलं नव्हतं. असाही शास्त्रलेख आहे, असं तो म्हणतो. त्या 'असाही'मधल्या 'ही'पाशी मी त्या रात्री बराच वेळ थांबले. तो स्तोत्र खोडून काढत नाही. त्याच्याशेजारी अनुवाद या पुस्तकातलं वचन ठेवतो, परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस, आणि मग स्तोत्राचा खरा अर्थ दिसू लागतो. माझ्या वहीत 'ही' कुठेच नव्हता.

अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४४ आणि १८४५ साली मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट मंडळ्या उत्तर-दक्षिण अशा दुभंगल्या. गुलाम बाळगणाऱ्यांनी 'दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा' ही वचनं पुढे केली, आणि ती वचनं छापलेली होतीच. फिलेमोनाला लिहिलेलं पत्रही त्याच पुस्तकात छापलेलं होतं, त्याच्या अनेसिम या दासाला आता दास म्हणून नको, दासापेक्षा अधिक असा प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असं सांगणारं. दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट मंडळीने या पापाची उघड क्षमा मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षं. एवढ्या काळात किती माणसं एका बाजूची वचनं ऐकत जन्मली आणि मेली, हे मनात आलं की मला अजून बेचैन व्हायला होतं.

मग तो रविवार आला. प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब शब्द म्हणत होते, प्याला माझ्या रांगेपर्यंत येत होता, आणि दोन बाक पुढे ताईंची पाठ दिसत होती. त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा मुलगा. तो आता २६ वर्षांचा आहे आणि त्याला बोलता येत नाही. जन्मापासूनच. तो नेहमी आईच्या डाव्या हाताला बसतो आणि गाणं सुरू झालं की टाळ्या वाजवतो, आपल्या तालात. मी त्याला १८ वर्षं बघत आले होते. त्या क्षणापर्यंत मला सुचलं नव्हतं की मी शास्त्राभ्यासात काय बोलून गेले आहे. ज्याला स्वतःच्या तोंडाने कबुली देता येत नाही.

वेदीपाशी अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. मत्तय ५:२३-२४. प्रभू असं म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असलं तर. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असलं तर. कोण बरोबर आहे हा प्रश्न त्या वचनात येतच नाही. मी प्याला न घेता पुढे दिला.

संध्याकाळी मी ताईंच्या दारात उभी होते. काय बोलायचं ते वाटेवर जुळवलं होतं, पण दार उघडल्यावर इतकंच आलं, "ताई, मी बाळाच्या बाप्तिस्म्याला आले नाही. चुकलं माझं." त्या बाजूला झाल्या, मी आत गेले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझी वही मी सगळी वाचली. दोनदा वाचली. वचनं सगळी खरी होती गं. पण २७ वचनांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, की ताई, तुम्ही हे इतकं घट्ट का धरलंय?"

"आता विचारते," मी म्हटलं.

आत मुलगा झोपला होता. त्यांनी त्या दाराकडे पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता. तो कधी बोलणार नाही, समजणार किती ते सांगता येत नाही. त्या रात्री मी हे पुस्तक उघडलं. अभिवचन तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना. ही रेघ त्या रात्रीची आहे. तू म्हणतेस ते खरं असलं, तर त्याचं काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग मी माझं सांगितलं. तिशीपर्यंतची ती कोरडी वर्षं, पाण्यातला तो दिवस, आणि अपमान हा शब्द. ताई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. खरंच, नव्हतं सांगितलं. १८ वर्षं शेजारी बसून आम्ही शास्त्र वाचलं होतं.

त्या दिवशी बाप्तिस्म्याचा प्रश्न सुटला नाही. ठरलं एवढंच, की दर आठवड्याला एक अध्याय दोघींनी मिळून वाचायचा, आणि एक नियम पाळायचा: दुसरीचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, आणि ती 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणेपर्यंत आपलं मत मांडायचं नाही. पहिला अध्याय ताईंनी निवडला. यहोशवा २२. मला वाटलं होतं त्या एखादं पत्र काढतील.

हा अध्याय मंडळ्यांमध्ये फारसा वाचला जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. देश जिंकून झालेला आहे. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश, हे इस्राएलचेच वंश, यार्देन नदीच्या पूर्वेकडे, आपल्या वतनाकडे परत निघालेत. नदीपाशी पोचल्यावर ते एक वेदी बांधतात, दुरून नजरेत भरेल एवढी मोठी. बातमी पश्चिमेकडे पोचते आणि सगळं इस्राएल शिलो येथे लढाईसाठी गोळा होतं. त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही, कारण होमार्पणाची जागा एकच असावी हे नियमशास्त्रात आहे. वचन त्यांच्या बाजूने आहे. तलवारी काढायला तेवढं पुरेसं होतं.

पण तलवारींच्या आधी ते माणसं पाठवतात. दहा वंशांचे दहा सरदार आणि त्यांच्यापुढे एलाजाराचा मुलगा फिनहास याजक. हा फिनहास कोण? गणनेच्या २५व्या अध्यायात, पौर इथे इस्राएल मूर्तिपूजेत पडलं त्या प्रकरणात, ज्याने भाला घेऊन तंबूत शिरून दोघांना जागीच भोसकलं, तो. आवेशाबद्दल देवाने ज्याची वाखाणणी केली, तो. इतका जहाल माणूस बोलणी करायला जातो, आणि हातात या वेळी भाला नाही. बोलण्याची सुरुवात तो दोषारोपानेच करतो, पौर आठवतो, लुटीतलं चोरून ठेवणारा आखान आठवतो. आणि मग १९व्या वचनात असं काही म्हणतो की ताई तिथे थांबल्या आणि त्यांनी मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. तुमचं वतन तुम्हांला अशुद्ध वाटत असेल तर अलीकडे या, परमेश्वराचा निवासमंडप जिथे आहे तिथे, आमच्यामध्ये वतन घ्या. म्हणजे आमच्या जमिनीतला वाटा देतो. जिंकून, वाटून झालेली जमीन. समोरच्याचं चुकतंय असं ठाम वाटत असताना, त्याला वाचवायला स्वतःच्या हिश्शातून द्यायची तयारी.

माझ्या वहीत हेही नव्हतं.

आणि मग पूर्वेकडचे बोलतात. ही वेदी होमासाठी नाहीच. आम्हांला भीती वाटली, ते म्हणतात. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील, यार्देन तुमच्या-आमच्यामधली सीमा आहे, तुमचा परमेश्वराशी काय संबंध? तसं झालं तर आमची मुलं परमेश्वराचं भय धरायचं सोडून देतील. म्हणून ही वेदी साक्षीसाठी उभारली.

ताईंनी वाचायचं थांबवलं. त्यांचा आवाज निघेना. २२व्या अध्यायातली पूर्वेकडची माणसं तेच बोलत होती जे ताई एका आठवड्यापूर्वी बोलल्या होत्या. आमच्या मुलांना कुणी म्हणेल, तुमचा काय संबंध. मी ते म्हटलं होतं. भर शास्त्राभ्यासात.

फिनहास हे ऐकतो आणि त्याला ते बरं वाटतं. इतकंच लिहिलंय. दहाही सरदारांना बरं वाटतं, ते परत जातात, आणि लढाईचं नाव निघत नाही. वेदीबद्दलचा नियम बदललेला नाही, वेदीही पाडलेली नाही. कुणीतरी नदी ओलांडून विचारायला गेलं, एवढाच फरक.

त्यानंतर आम्ही मत्तय १८ वाचला. मंडळ्यांमध्ये हा अध्याय कार्यपद्धतीसारखा वापरला जातो: आधी एकांतात सांगा, मग एक-दोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा, मग बाहेर. पायऱ्या खऱ्या आहेत, दोन-तीन साक्षीदारांची अटही अनुवादाच्या १९व्या अध्यायातून आली आहे. पण ताईंची जुनी शिकवण, मागून चालत ये. त्या पायऱ्यांच्या लगेच आधी ९९ मेंढरं सोडून एकाला शोधायला निघालेला मनुष्य आहे, आणि लगेच नंतर किती वेळा क्षमा करू असं विचारणारा पेत्र. आणि 'तो तुला विदेशी किंवा जकातदार यांच्यासारखा होवो' हे वाक्य ज्या शुभवर्तमानात आहे, ते ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो मत्तय स्वतः जकातनाक्यावर बसलेला होता. येशू त्याला तिथेच भेटला.

एक गोष्ट मात्र मला इथे स्पष्ट म्हणायची आहे. हा अध्याय दाखवून दुखावलेल्या, घाबरलेल्या माणसाला त्याच्यावर जुलूम करणाऱ्यासमोर एकटं पाठवणं पाप आहे. मी असं होताना पाहिलंय. 'आधी एकांतात जाऊन बोल' हे समान पातळीवरच्या भावाभावांसाठी आहे. याच अध्यायाच्या सुरुवातीलाच लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यातली जात्याची तळी येते. तिथूनही चालत यावं लागतं.

कृत्यांचा १५वा अध्याय आम्ही तीन आठवडे वाचला. प्रश्न केवढा होता! विदेशी विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही. करावी म्हणणाऱ्यांच्या बाजूला उत्पत्तीचा १७वा अध्याय होता, अब्राहामाशी केलेला सर्वकाळचा करार. यापेक्षा भक्कम वचन कुठलं? पण यरुशलेमात काय होतं ते क्रमाने पाहिलं तर आधी पुष्कळ वादविवाद होतो आणि तो कुणी दाबत नाही. मग पेत्र उठून देवाने कर्नेल्य या विदेशी माणसाच्या घरी काय केलं ते सांगतो. बर्णबा आणि पौल बोलतात तेव्हा सगळा समुदाय गप्प राहून ऐकतो. आणि शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब आमोस संदेष्ट्याचं वचन काढतो, दाविदाचा पडलेला डेरा मी पुन्हा उभारीन, म्हणजे उरलेली माणसं आणि सर्व राष्ट्रं प्रभूचा शोध करतील. वचन येतं ते सगळ्यांचं ऐकून झाल्यावर, देवाने काय केलं ते समजून घेतल्यावर. निर्णयाच्या पत्रात ते लिहितात, पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटलं. विदेशी लोकांवर सुंतेचं ओझं घातलं जात नाही. त्यांनाही सांगितलं जातं, मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म टाळा. यहूदी भावांसोबत एका टेबलाशी बसता यावं, यासाठी याचा फार उपयोग होता.

त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा भांडतात. योहान मार्कला सोबत न्यायचं की नाही, यावरून. पहिल्या प्रवासात तो पंफुल्यातून परत फिरला होता. एवढा मोठा प्रश्न सोडवणारी माणसं एका तरुणावरून इतकी चिडतात की बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला जातो आणि पौल सीलाला घेऊन सिरीयाकडे. कृत्यं लिहिणारा लूक झाकत नाही. कोण बरोबर होतं तेही सांगत नाही. कितीतरी वर्षांनी, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरणाची वाट पाहत असलेला पौल लिहितो, मार्काला सोबत घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ताई म्हणाल्या, "या एका ओळीला किती वर्षं लागली असतील गं."

ल्यूथर आणि झ्विंग्लीच्या वारसांना ४४४ वर्षं लागली. १९७३ साली स्वित्झर्लंडमधल्या लॉयेनबर्ग इथे युरोपातल्या लुथेरन आणि सुधारित मंडळ्यांनी करार केला आणि एकमेकांना प्रभुभोजनाच्या मेजावर जागा दिली. मारबुर्गला जो हात मिळाला नाही, तो तिथे मिळाला. पण सगळ्यांनाच एवढा वेळ लागतो असंही नाही. दुसऱ्या शतकात, १५५च्या सुमाराला, स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पोलिकार्प रोमचा बिशप अनिसेटस याच्याकडे गेला. पुनरुत्थानाचा सण यहूदी निसान महिन्याच्या १४व्या दिवसाला धरून पाळायचा की रविवारीच, हा वाद होता. पोलिकार्प म्हणे, आम्ही योहानाकडून असंच शिकलो. अनिसेटस म्हणे, आमच्या आधीचे वडील असंच करत आले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला पटवू शकला नाही. आणि अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पोलिकार्पला दिला. दोघे शांतीने निरोप घेऊन गेले. हे आपल्याला कळतं ते ल्योंचा बिशप इरेनेयस याच्या पत्रामुळे. पुढे व्हिक्टर नावाचा रोमचा बिशप याच मुद्द्यावरून आशियातल्या मंडळ्यांना तोडायला निघाला, तेव्हा इरेनेयसने त्याला ही आठवण करून दिली.

सगळेच मतभेद असे मेजावर सोडता येत नाहीत, हे मला मान्य आहे. ज्या पौलाने रोमकरांच्या १४व्या अध्यायात 'प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी' असं लिहिलं, त्यानेच अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केला, चारचौघांत. पण कशावरून? पेत्र विदेशी भावांसोबतच्या पंगतीतून उठून गेला होता म्हणून. सुवार्ता जिथे मोडत होती तिथे पौल हटला नाही. आणि पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात शेवटी शेवटी 'आपला प्रिय बंधू पौल' असं येतं, आणि त्याच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत असंही. मला ते दोन्ही एकत्र वाचायला फार आवडतं.

आमच्या वाचनात वाद होतच नाहीत असं नाही. कलस्सैकरांच्या दुसऱ्या अध्यायावर आम्ही दोन तास अडलो होतो. मी अजूनही असंच मानते की बाप्तिस्मा विश्वासाच्या मागून येतो. ताई अजूनही असंच मानतात की अभिवचन आपल्या विश्वासाच्या आधी येतं. पण त्यांचं म्हणणं मी आता त्यांच्यापेक्षा बरं मांडते, असं त्या म्हणतात. मुलाबद्दल मला उत्तर सापडलेलं नाही. मी ज्या समजुतीने चालते तिच्यात त्याच्यासाठी जागा कुठे आहे, हे मला शोधायचं आहे, आणि ती जागा नसेल तर माझ्या समजुतीत काहीतरी कमी आहे, इथपर्यंत मी आले आहे. तो आमच्या वाचनाला बसतो. ताईंच्या डाव्या हाताला.

फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना प्रभूच्या ठायी एकचित्त होण्याची विनंती करतो. त्यांचं भांडण कशावरून होतं, ते लिहिलेलं नाही. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा दोघी तिथेच बसलेल्या असतील. दोघींची नावं एका वाक्यात आली, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात जीवनाचं पुस्तक आलं. तो भाग वाचून झाल्यावर ताईंनी माझं शास्त्र ओढून घेतलं, मागच्या कोऱ्या पानावर दोन नावं लिहिली, माझं आणि स्वतःचं, आणि पुस्तक परत दिलं.

मागच्या आठवड्यात आम्ही रोमकरांचा १४वा अध्याय सुरू केला. विश्वासाने दुर्बळ असलेल्याला जवळ करा, पण त्याच्या मतांवर वाद घालण्यासाठी नको. पहिल्याच वचनावर ताई थांबल्या.

"यात दुर्बळ कोण?" त्यांनी विचारलं. "तू की मी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं हा अध्याय वाचताना मी दर वेळी स्वतःला सबळांच्या बाजूला धरून वाचला होता. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्याही तोंडावर तेच दिसलं.

"पुढच्या आठवड्यात सांगते," मी म्हटलं.

"मीही," ताई म्हणाल्या, आणि पानात पेन्सिल ठेवून त्यांनी पुस्तक मिटलं.